देऱ्यातला शनिवार

पहाटे ५:१५

नोव्हेंबरात फज्रची अजान साधारण या वेळेला होते. दुबईच्या देरा भागातल्या मुरक्काबातमध्ये मशिदी इतक्या जवळजवळ आहेत की एका मिनाराचा आवाज विरतो न विरतो तोच दुसरा सुरू होतो. मला वेगळा गजर लावावा लागत नाही. उठते, चहा टाकते आणि फोन बघते. रात्रीतून कुणी 'उद्या जमणार नाही' असं कळवलेलं असतं. इतक्या पहाटे फोन करून कुणाची झोपमोड करायची नसते, पण नाव लक्षात ठेवते. दुपारी त्यांची चौकशी करायची असते.

मी फिजिओथेरपिस्ट. गाव कऱ्हाडजवळ, नोकरी देऱ्यात. शनिवारी आमचा दवाखाना दोन पाळ्यांत चालतो, सकाळी ८ ते १ आणि संध्याकाळी ४ ते ७. त्याच्या आधी, मध्ये आणि नंतर माझं दुसरं काम असतं. त्याला पगार नाही, पण मला ते पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. इथल्या मराठी माणसांना घराबाहेर काढून हलतं करायचं, एवढंच ते काम.

शनिवार निवडला कारण शनिवार मारुतीचा. आमच्या भागात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात अकरा मारुती स्थापले, त्यांतले मसूर, उंब्रज, शहापूर आणि चाफळचे आमच्या पंचक्रोशीतले. तालीम म्हटली की तिच्यात मारुतीची मूर्ती असायचीच; आधी नमस्कार, मग जोर-बैठका. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी व्यायामाची संस्था काढली, तिलाही हनुमानाचंच नाव दिलं. त्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. भक्ती एकीकडे आणि व्यायाम दुसरीकडे ही वाटणी आपल्याकडची नव्हेच. मला ती जुनी जोडणी देऱ्यात पुन्हा करून हवी आहे. फक्त इथे तिच्यात देवळाबरोबर मशीद आणि चर्चही येतात, कारण इथला मराठी माणूस या तिन्ही ठिकाणी जातो.

सकाळी ५:५०

जमायची जागा सबखाचं अब्रा स्टेशन, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होड्यांचा धक्का. पहिले येतात ते मशिदीतून थेट आलेले कोकणी भाई. दापोली, खेड, श्रीवर्धनकडचे. कुणी मसाल्याच्या बाजारात विक्रेता, कुणी कापडाच्या घाऊक दुकानात. त्यांची वेळ कधी चुकत नाही. दिवसातून पाच वेळा वेळ पाळायची सवय ज्यांना आहे, त्यांना सहावी वेळ सांगणं सोपं जातं. मग सावंतवाडीकडचं ख्रिस्ती जोडपं येतं, दोघांच्या गळ्यात एकसारखे पातळ क्रॉस. मग मुलाकडे दोन-तीन महिने राहायला आलेले पुण्याचे काका आणि काकू, दोन अकाउंटंट मुलं, आणि शेवटी धापा टाकत एक वहिनी. मुलाचा डबा भरल्याशिवाय त्यांना निघता येत नाही, शनिवारीही त्याचा क्लास असतोच.

बनियास रस्त्याच्या कडेनं, खाडी उजव्या हाताला ठेवून आम्ही निघतो. पूर्वीच्या नॅशनल बँकेची शिडाच्या आकाराची इमारत आणि तिच्याजवळची चेंबर ऑफ कॉमर्सची निळ्या काचांची, तिथपर्यंत जाऊन मागे फिरायचं. सूर्य साडेसहाच्या पुढे वर येतो. तोवर पाणी शिशाच्या रंगाचं असतं. धक्क्याला लाकडी धाऊ लागलेल्या असतात. डेकवर टायर, पंखे, गाद्या आणि खोकी रचलेली, आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी खलाशी स्टोव्हवर चहा उकळत बसलेला. भाईंपैकी एकाचे आजोबा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गलबतावर होते. त्याला दोरांच्या गाठींची नावं पाठ आहेत आणि तो चालता चालता मुलांना ती सांगतो.

नियम एकच: पुढे कुणी पळायचं नाही आणि मागे कुणी राहायचं नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडी जशी आपल्यातल्या सगळ्यांना धरून चालते, तसं चालायचं. अकाउंटंट मुलांना पहिल्यांदा हे जाचलं. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं आणि त्यांना आकडा वाढवायचा असतो. मी त्यांना काकांच्या दोन बाजूंना चालायला लावलं. काकांचं वय सत्तरीच्या पुढचं, पण बोलायची हौस दांडगी. आता ती मुलं आपणहून त्यांच्याबरोबर चालतात आणि वेग काकांचाच वाढला आहे. माणूस माणसाला ओढतो. घड्याळ कुणाला फार दिवस ओढत नाही, हे माझं ठाम मत आहे.

चालणं पुरेसं जोराचं आहे की नाही ते ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. भजनी मंडळातल्या वहिनी मधूनच अभंगाची ओळ गुणगुणायला लागल्या की मी म्हणते, "वहिनी, सूर छान लागलाय, म्हणजे पाय ढिले पडलेत." सगळे हसतात आणि पावलं उचलतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसानं आठवड्यात निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम करावा. दीडशे म्हटलं की लोक घाबरतात. खाडीकाठची ही एक फेरी पाऊण तासाची. तेवढी आज झाली, उरलेली आठवड्यात विभागायची, असं मांडलं की चेहरे मोकळे होतात.

७:१०

कडक चहा. इथल्या टपऱ्यांवर तो आटवलेल्या दुधाचा आणि साखरेनं दाट झालेला मिळतो. मी अर्धी साखर सांगते आणि बाकीच्यांचं निमूट बघते. एका सकाळी सगळंच मागायचं नसतं.

सकाळी ८:००

पहिले रुग्ण गुडघ्याचे. देऱ्यात आयुष्य काढलेले खेडकडचे एक चाचा, दुकान आता मुलगा बघतो. गुडघ्यातली झीज फार नाही, पण दुखतं म्हणून चालणं सोडलं, चालणं सोडलं म्हणून मांडीचे स्नायू वाळले आणि स्नायू वाळले म्हणून आणखी दुखायला लागलं. आता ते मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढतात.

"डॉक्टर, कपाळ जमिनीला लागत नाही," ते म्हणतात. "बाकी काही नको मला."

याहून नेमकं उद्दिष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला सापडलं नसतं. सजदा करायचा तर गुडघा पूर्ण मिटला पाहिजे, घोटा आणि पायाची बोटं वळली पाहिजेत, हातांवर थोडा भार घेता आला पाहिजे आणि तिथून उठून उभं राहता आलं पाहिजे. मी त्याचे तुकडे पाडते. आधी पलंगावर पालथं झोपून टाच मागे नितंबाकडे आणायची. मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मी मोजते. मग भिंतीला हात लावून अर्धी बैठक. मग जाड उशीवर गुडघे टेकायचे आणि कपाळ समोरच्या स्टुलावर. आज उशी पातळ केली आणि स्टूल काढून त्याजागी दोन विटा ठेवल्या. ते खाली गेले, कपाळ विटेला लागलं, आणि ते तसेच थांबले. मी घाई केली नाही. उठताना त्यांनी माझा हात धरला नाही, पलंगाची कड धरली. पुढच्या आठवड्यात एक वीट काढायची.

असंच उद्दिष्ट काकूंचं असतं: सत्यनारायणाला मांडी घालून बसता यावं. सावंतवाडीच्या बाईंचं असतं: ऊद मेथाच्या सेंट मेरीज चर्चमध्ये बाकाच्या फळीवर गुडघे टेकता यावेत. ते चर्च १९६७ पासूनचं आहे आणि बाई लग्न होऊन आल्यापासून तिथे जातात. 'वजन कमी करा' असं सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि विसरतो. 'तुम्हाला देवापुढे पुन्हा जमिनीवर बसता येईल' असं सांगितलं की तोच माणूस घरी रोज व्यायाम करतो. हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत विचारते: कुठे जाता, आणि तिथे काय करता येईनासं झालंय?

१०:३०

सोनेबाजारातला तरुण विक्रेता, टाच दुखते म्हणून आलेला. रोज दहा-बारा तास उभं राहणं, पायात चकचकीत कडक बूट. तो म्हणतो, "मॅडम, मला व्यायामाची काय गरज, मी दिवसभर पायांवरच असतो." देऱ्यात हे वाक्य मला सगळ्यांत जास्त ऐकू येतं. गोदामातले हमालही म्हणतात, स्वयंपाकघरातल्या बायकाही म्हणतात. एका जागी उभं राहिल्यानं पाय थकतात, नसा फुगतात, पण हृदयाचा वेग वाढत नाही. ओझं उचलणाऱ्याची पाठ झिजते. त्याला विसावा आणि आपल्या मनानं केलेली मोकळी हालचाल दोन्ही मिळत नाहीत. श्रम आणि व्यायाम यांतला फरक समजावून सांगताना मी फार जपून बोलते, कारण जो माणूस राबून घरी पैसे पाठवतो त्याला 'तू हलत नाहीस' असं म्हणणं अपमानाचं होईल. मी म्हणते, "दिवसभर मालकासाठी उभे असता, आता अर्धा तास स्वतःसाठी चाला."

तो बारीक आहे. म्हणून त्याला साखरेची भीती वाटत नाही. अशांसाठी मी माझ्या खणातला एक कागद काढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून जाड असतो हे याज्ञिकांनी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं. म्हणून आपल्या लोकांना वजनाची धोक्याची रेघ २५ वर नसून २३ वर सांगतात, आणि पोटाचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

मी टेप काढते. "माझी कंबर चौतीस," तो पँटचं माप सांगतो. पँट पोटाच्या खाली बांधलेली असते, घेर त्याच्या वर असतो. टेप ९४ दाखवते. तो दोनदा वाकून बघतो. मग स्वतःच विचारतो, "सकाळी कुठे जमता तुम्ही?" त्याची दुकानाची वेळ सकाळी जुळत नाही. त्याला मी दुकानं बंद झाल्यावर चालणाऱ्या रात्रीच्या गटाचा नंबर देते.

१२:००

शेवटचे दोन रुग्ण आले नाहीत, म्हणून एक तास मोकळा. आता सकाळी लक्षात ठेवलेल्या नावांना फोन.

या फोनांना मी गप्पा म्हणत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोत 'फे एन आक्सियोन' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. लॅटिन अमेरिकी वंशाच्या ४३६ बायका, १६ कॅथलिक चर्चमधल्या. निम्म्या चर्चमध्ये चालण्याचे गट, नाचाचे आणि ताकदीचे व्यायाम सुरू केले. उरलेल्यांत कर्करोगाच्या तपासणीबद्दल माहिती दिली. व्यायाम घेणाऱ्या बाहेरून आणलेल्या प्रशिक्षक नव्हत्या, त्याच समाजातल्या बायका शिकवून तयार केलेल्या होत्या. वर्षभरानंतर व्यायामाच्या चर्चमधल्या बायका दुसऱ्यांपेक्षा जास्त हालचाल करत होत्या. त्या प्रयोगात फोनही होते. उपदेश करण्याऐवजी विचारपूस करणारे: काय आड आलं, कशानं सोपं होईल? पुढे लॉस एंजेलिसमध्ये चर्च आणि आसपासची उद्यानं एकमेकांशी जोडण्याचंही काम झालं.

मला त्यात आमचंच चित्र दिसलं. परक्या देशात आलेला, जास्त तास काम करणारा, भाड्याच्या लहान घरात राहणारा समाज. विश्वास ठेवावा अशी एकच जागा, प्रार्थनेची. आणि हाकेच्या अंतरावर सरकारनं बांधलेलं सुंदर उद्यान, ज्यात तो समाज जात नाही, कारण त्याला कुणी नेलेलं नाही. आरोग्याची माहिती देऱ्यात भरपूर आहे, प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावलेली आहे. कमी आहे ती ओळखीच्या माणसाची हाक.

आजचा पहिला फोन एका ताईंना. तीन शनिवार आल्या नाहीत. आधी सासूबाईंचं विचारते, मग सुट्टीत कोकणात जाणार का ते, आणि मग, "काय आड आलं?" थोडं थांबून त्या म्हणतात, "बुरख्यात चालताना सगळे बघतात असं वाटतं." मी त्यांची समजूत घालत नाही. त्यांच्याच इमारतीतल्या दुसऱ्या दोघींना विचारून तिघींना एकत्र आणायचं ठरवते. एकटी असते तिच्याकडे लोक बघतात. तिघी निघाल्या की त्या आपसात बोलत चालतात.

१:१५

डबा: ज्वारीची भाकरी, मेथी, दही. उन्हाळा असता तर या वेळी बाहेरचा रस्ता ओस असता. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात इथे उघड्यावरचं काम दुपारी १२:३० ते ३ कायद्यानं बंद असतं. ज्या उन्हात कामगाराला राबवायला बंदी आहे, त्या मोसमात हौसेनं चालायला कुणाला सांगू? म्हणून उन्हाळ्यात आम्ही मॉलमध्ये चालतो. पूर्वी सुरक्षारक्षक शंकेनं बघायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनंच 'दुबई मॅलेथॉन' काढली आणि सकाळी ७ ते १० मॉल चालणाऱ्यांसाठी खुले केले, तेव्हा माझ्या बायकांना केवढं बळ आलं.

दुपारी २:३०

एका वहिनींच्या घरी भजनी मंडळ. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला, टीपॉय बाल्कनीत. शनिवार म्हणून आधी मारुतीस्तोत्र, मग चार अभंग, मग माझी वीस मिनिटं. प्रसाद त्यानंतर. हा क्रम मी ठरवून घेतला आहे, कारण प्रसाद आधी झाला की कुणी उठत नाही.

व्यायाम म्हटलं तर यांतल्या निम्म्या म्हणतील, "आमचं वय झालं." मी म्हणते, "मंगळागौर खेळायची." मग साठीची बाईसुद्धा पदर खोचते. झिम्म्यात दोन्ही हात खांद्याच्या वर जातात, ज्यांचा खांदा आखडलाय त्यांच्यासाठी याहून चांगलं औषध नाही. साखरेच्या रुग्णांचे खांदे फार आखडतात, आणि या खोलीत साखर असलेल्या बायका निम्म्याच्या वर आहेत. पिंग्यात कंबर वळते. फुगडी मी हळू घ्यायला लावते. हात तिढ्यात धरायचे, टाचा जवळ, कोपरं सरळ, आणि अंगाचा भार मागे सोडायचा. जोडीदारीण तो पेलते. त्या क्षणी मांड्या, पाठ, पकड सगळं कामाला लागतं. ज्यांना तेवढं झेपत नाही त्या खुर्चीतून उठून टाळी देतात आणि बसतात. खालच्या मजल्यावर रात्रपाळी करून एक टॅक्सीवाले झोपलेले असतात, म्हणून उड्या नाहीत आणि चपलाही नाहीत.

घामानं कपाळ पुसत एक काकू म्हणाल्या, "पूर्वी देवळात जाणं हाच आमचा व्यायाम होता." खरं आहे ते. बुर दुबईच्या गल्लीतलं जुनं शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये जबल अलीच्या नव्या मंदिरात हललं. ते नवं मंदिर २०२२ च्या दसऱ्याला उघडलं, प्रशस्त आहे, शेजारी गुरुद्वारा आणि चर्च आहेत, गर्दीत चेंगरायची भीती नाही. मला ते आवडतं. पण जुन्या देवळाला जायचं तर घरापासून अब्रा स्टेशनपर्यंत चालायचं, एक दिरहम देऊन खाडी ओलांडायची, मग हार-फुलांच्या गल्लीतून वाट काढत जायचं. सोमवारचा देव देऱ्यातल्या बायकांना चालवत होता. आता मेट्रो, मग टॅक्सी, नाहीतर मुलाची गाडी, तीही त्याला सुट्टी असेल तेव्हा. एक वाट बंद झाली की तिच्यावरची पावलंही जातात, आणि त्या पावलांची भरपाई कुठल्याच नकाशात नसते. म्हणून मी ठरवलं की देव लांब गेला तरी खाडी जवळ आहे. सोमवारी संध्याकाळी आम्ही अब्रानं पलीकडे जायचं, जुन्या गल्लीतून चालायचं आणि परत यायचं. काकूंनी तिथल्या तिथे सहा जणींना तयार केलं. मी बोलले असते तर दोन आल्या असत्या.

४:००

दुसरी पाळी. पाठ, मान, मनगट. मधल्या मोकळ्या दहा मिनिटांत मगरिबची अजान होते, साडेपाचच्या सुमारास. दोन रुग्ण नमाजाला जातात आणि मी त्यांची वेळ पुढे ढकलते. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ७:३०

मामझर. हे उद्यान १९९४ मध्ये उघडलं, देऱ्याच्या टोकाला, पलीकडे शारजाचे दिवे. प्रवेश ५ दिरहम, नोल कार्ड टेकवलं की दार उघडतं. आत हिरवळ, वाळू, खजुरीच्या रांगा, शेगड्यांवर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा वास. शनिवारी फिलिपिनो, मलयाळी, पाकिस्तानी, सिरियन कुटुंबं चटया टाकून बसलेली. या गर्दीत मराठी कुटुंबंही असतात, पण तीही चटईवर.

आमची मुलं लेझीम शिकताहेत. ढोल-ताशा उद्यानात आणत नाही. मी आणि शाळेत पीटी शिकवलेले एक काका तोंडानं मोजतो. चार आवाज, एक जागा, आदि लगाव, पवित्रा. इथे वाढलेल्या मुलांना हे शब्द नवे आहेत, पण अंगाला आपोआप कळतात. 'आगे फलांग' आलं की उडी, 'पीछे फलांग' आलं की मागे, आणि लेझमीचा छणछणाट एकत्र पडला की चटईवरचे आईबाप उठून उभे राहतात. मला नेमकं तेच हवं असतं. दुसऱ्या फेरीला मी त्यांच्या हातात लेझीम देते. शेजारच्या चटईवरचा एक मलयाळी बाबा आपल्या मुलीला घेऊन आला आणि आमच्या ओळीत उभा राहिला. त्याला कुणी काही विचारलं नाही, काकांनी फक्त मोजणं थोडं सावकाश केलं.

मंडळांनी वर्षातून एकदा क्रीडादिन घ्यायचा, ट्रॉफ्या वाटायच्या आणि फोटो टाकायचे, यानं काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्या एका दिवशी स्नायू दुखावून येणारे माझ्याकडेच येतात. तोच पैसा आणि तीच माणसं दर आठवड्याच्या एका तासावर लावली पाहिजेत, निदान ऑक्टोबर ते एप्रिल.

आणि ज्यांच्यासाठी माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो ते इथे नसतात. बेडस्पेस घेऊन राहणारे एकटे पुरुष. एका खोलीत दोनमजली पलंग, त्यांच्या मध्ये उभं राहण्यापुरती वाट. सूर्यनमस्कार घालायला सतरंजीएवढीही जागा मोकळी नाही. जेवण रात्री अकराला, मग झोप. त्यांना वाटतं उद्यान कुटुंबवाल्यांसाठी आहे, आपण एकटे गेलो तर बरं दिसणार नाही. असा कुठला नियम नाही, पण त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही. त्यांच्यापर्यंत मी पोचू शकत नाही. तिथे भाई पोचतात, कारण रात्रीच्या, इशाच्या नमाजाला ते एकाच रांगेत उभे असतात. सकाळच्या गटातल्या दोघांनी मनावर घेऊन रात्रीचा गट सुरू केला. दुकानं बंद झाली की नैफमधून निघायचं आणि खाडीपर्यंत जाऊन यायचं. त्यात आता साताऱ्याची, बीडची मुलंही आहेत, नमाज न पढणारी. सोनेबाजारातला आजचा मुलगा तिथेच जाईल.

रात्री १०:००

घर. वरणभात, आणि फोन पुन्हा सुरू.

पुढच्या रविवारी दुबई रन. २०१७ पासून इथे दर वर्षी महिनाभराचं फिटनेस चॅलेंज असतं, ३० दिवस रोज ३० मिनिटं, आणि त्यातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे शेख झायेद रस्ता गाड्यांना बंद करून माणसांना दिला जातो तो. २०२४ मध्ये त्यात २,७८,००० लोक होते. ५ किलोमीटरचा आणि १० किलोमीटरचा, दोन मार्ग असतात; पळायलाच हवं असं नाही, चाललं तरी चालतं. आमची सगळ्यांची नावं पाचच्या मार्गावर घातली आहेत. डिसेंबर उजाडल्यावर किती जण टिकतील याचीच मला जास्त काळजी आहे, तरीही तो दिवस मला हवा आहे. बारा-चौदा मार्गिकांच्या रस्त्याच्या मधोमध आपल्या काकू चालताहेत, हे त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे.

रात्रीच्या गटातल्या भाईंचा फोन. टाच दुखणारा मुलगा आला होता, अर्ध्या वाटेतून परतला, पण उद्या येतो म्हणाला. त्याला बुटांचं सांगा, मी म्हणते, ते चकचकीत बूट घालून चालायचं नाही. मग दुबई रनचं: युनियन मेट्रो स्टेशनच्या फलाटावर सगळ्यांनी पहाटे भेटायचं, बायका बायकांच्या डब्यात बसतील, उतरल्यावर बाहेरच्या पहिल्या खांबाशी थांबायचं. तीन बुरखेवाल्या ताईंची नावं दुपारीच पक्की झाली. चाचा विचारत होते, भाई सांगतात, त्यांना जमेल का? पाच किलोमीटर नाही जमायचे, मी म्हणते, पण सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या पाण्याच्या टेबलापर्यंत जमेल. मुलाला बरोबर राहायला सांगा, आणि घडीची खुर्ची घ्या.

शेवटचा फोन काकूंचा. त्यांच्याकडे चालायचे बूट नाहीत, आजपर्यंत चपलांवर निभावलं. उद्या दवाखाना बंद आहे. अकरा वाजता नैफ सूकच्या दाराशी या, मी सांगते, आणि जाड मोजे घालूनच या, माप त्यावरच घ्यायचं.